लाईट जाऊन आली की होम थिएटरचा आवाज टीव्हीतूनच का येतो?

"अरे, पुन्हा गेला बघ आवाज."

ठाण्याहून आत्याचा फोन. पावसाळा लागल्यापासून हा चौथा की पाचवा. चित्र ठीक, पण आवाज टीव्हीच्या पोटातून. अमेरिकेहून सुट्टीवर आलेल्या आतेभावाने हौसेने बसवून दिलेले पाच स्पीकर आणि तांदळाच्या डब्याएवढा सबवूफर मुके. मी फोनवर सांगायचो, "दोन्ही बंद कर, बोर्डावरून. दोन मिनिटं थांब, आधी टीव्ही लाव, मग रिसीव्हर." (रिसीव्हर म्हणजे त्या सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणारी पेटी.) आवाज यायचा. पुढच्या वेळी लाईट गेली की पहिले पाढे पंचावन्न.

शेवटी एका रविवारी गेलो आणि टीव्ही युनिट पुढे ओढलं. रिसीव्हर उत्तम, टीव्ही उत्तम, केबलही धडधाकट. तरी रोग कायम. मित्रांच्या आणि नातेवाइकांच्या घरी असे गुंते सोडवत फिरण्याची मला खोड आहे, आणि बहुतेक घरांत यंत्र बिघडलेलंच नसतं. केबली लावताना आवाज कुठल्या वाटेने परत येणार याचा विचार कुणी केलेला नसतो, एवढंच.

आवाजाची परतीची वाट

चित्र एकाच दिशेने जातं. सेट-टॉप बॉक्स रिसीव्हरला, रिसीव्हर टीव्हीला. नळाच्या पाण्यासारखं, वरून खाली. आवाजाचं तसं नाही. बॉक्स रिसीव्हरला जोडला असेल तर आवाज वाटेत रिसीव्हरमध्येच उतरतो. पण टीव्हीतल्याच ॲपवर सिनेमा लावला, तर आवाज जन्मतोच टीव्हीत आणि त्याला उलटं रिसीव्हरपर्यंत यावं लागतं. त्यासाठी २००९ मध्ये एचडीएमआय या केबलीच्या १.४ आवृत्तीबरोबर एआरसी, म्हणजे ऑडिओ रिटर्न चॅनेल, आलं. रिसीव्हरकडून टीव्हीकडे चित्र नेणारी जी केबल, तीच आवाज परत आणते. वेगळी केबल लागत नाही.

मात्र टीव्हीला तीन-चार एचडीएमआयची भोकं असली तरी एआरसी त्यांपैकी एकातच असतं. शेजारी बारीक अक्षरांत तसं छापलेलं असतं. रिसीव्हरला दोन आउटपुट असतील तर बहुतेक मॉडेलांत पहिल्यालाच एआरसी असतं. कोथरूडच्या एका मित्राकडे नेमक्या त्या भोकात फायर टीव्ही स्टिक खोचलेली होती, कारण ते कडेला होतं आणि हात पोचत होता. तीन महिने तो रिसीव्हरला शिव्या देत होता. स्टिक दुसऱ्या भोकात गेली आणि प्रश्न मिटला, चहा व्हायच्या आत.

आत्याकडे ही चूक नव्हती. आतेभाऊ इंजिनिअर, भोकं बरोबर होती. म्हणून मी सरळ त्या खोलीचा एमसीबी खाली पाडला आणि बघत बसलो. रिसीव्हर विझला. टीव्ही चालूच! पडद्यावर एक ओळ आली, की आवाज आता टीव्हीच्या स्पीकरवर, आणि बातम्या पुढे सुरू.

"काका, टीव्ही इन्व्हर्टरवर आहे?"

"मग! लाईट गेली तरी बातम्या चुकायला नकोत म्हणून मुद्दाम वायरमनकडून घेतलाय."

एमसीबी वर केला. रिसीव्हर लाल दिवा दाखवत स्टँडबायवर जाऊन बसला. टीव्हीने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

एआरसी आपोआप सुरू होत नाही. त्याआधी दोघांत बोलणं व्हावं लागतं. हे बोलणं एचडीएमआय केबलमधल्याच एका वेगळ्या तारेवरून चालतं, त्याला सीईसी म्हणतात. सॅमसंग त्यालाच ॲनीनेट प्लस म्हणतं, एलजी सिंपलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. नावं वेगळी, वस्तू एक. टीव्ही जागा झाला की विचारतो, आवाजाचं कुणी आहे का? रिसीव्हर म्हणतो, मी आहे. मग टीव्ही आपला स्पीकर बंद करून आवाज त्याच्या हवाली करतो. आत्याकडे लाईट गेली की रिसीव्हर अर्ध्या वाक्यात गायब व्हायचा. टीव्ही बिचारा शहाणपणाने स्वतःच्या स्पीकरवर यायचा. लाईट आल्यावर रिसीव्हर झोपलेला, आणि टीव्ही मुळात बंदच झाला नव्हता, त्यामुळे "कुणी आहे का" हे पुन्हा विचारायचं त्याला कारणच नव्हतं. माझा फोनवरचा उपाय म्हणजे ती विचारपूस पहिल्यापासून करायला लावणं, दुसरं काही नाही.

उपाय सोपा: टीव्ही आणि रिसीव्हर एकाच लाईनवर. दोघांनी एकदम मरावं किंवा एकदम जगावं. काकांच्या बातम्यांपुढे पहिला पर्याय शक्य नव्हता. इन्व्हर्टर पाहिला तर साइन वेव्ह, म्हणजे घरच्या विजेसारखीच गुळगुळीत लहर देणारा निघाला, ९०० व्हीएचा. दोन पंखे, चार दिवे आणि टीव्ही एवढंच त्याच्यावर, म्हणून रिसीव्हरही त्याच्यावर घेतला. रिसीव्हरच्या पाठीवर लिहिलेले वॅट बघून घाबरू नका; घरात ज्या आवाजात आपण ऐकतो त्याला त्यातला थोडाच भाग लागतो. जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर मात्र रिसीव्हर त्यावर घेऊ नका. आतला ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि तापतो. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोड आणि नॉर्मल मोड असं बटण असेल तर ते यूपीएसवर ठेवा. नॉर्मलमध्ये लाईट बदलताना जी उघडझाप होते तेवढ्यातसुद्धा काही रिसीव्हर बंद होऊन पुन्हा सुरू होतात, आणि मग सगळं मुसळ केरात.

त्याबरोबर रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय कंट्रोल (म्हणजे सीईसीच) चालू आहे ना आणि स्टँडबाय थ्रू (रिसीव्हर झोपलेला असतानाही सिग्नल पुढे जाऊ देणारं) चालू आहे ना, हेही पाहिलं. आतेभावाने पाच स्पीकरच्या जोडीला फक्त आवाज नेणारी एक ऑप्टिकल केबलही टीव्हीपासून रिसीव्हरपर्यंत लावून ठेवली होती, "असू दे, उपयोगी पडेल" म्हणून. ती काढली. परतीच्या दोन वाटा ठेवल्या की आवाज कुठल्या वाटेने येतोय हे कळत नाही आणि बिघाड शोधताना आपणच फसतो.

मग घुं सुरू झाली

सबवूफर जड म्हणून तो मी जुन्याच पॉइंटवर ठेवला होता. संध्याकाळी सगळं लावलं तर त्यातून बारीक घुंऽऽ. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, आणि ही घरघर तिचीच किंवा तिच्या दुपटीची असते. सबवूफर एका लाईनवर, रिसीव्हर दुसऱ्या लाईनवर, मध्ये दोघांना जोडणाऱ्या आरसीए केबलची बाहेरची तारेची जाळी. दोन अर्थिंगमधला फरक त्या जाळीतून वाहतो आणि सबवूफर तो इमानाने मोठा करून ऐकवतो. सबवूफरही रिसीव्हरच्याच एक्स्टेंशन बोर्डावर आणला, घुं ऐंशी टक्के गेली.

उरलेली वीस टक्के केबल टीव्हीच्या काळ्या वायरची होती. ती वायर सोसायटीच्या गच्चीवरून येते आणि वाटेत तिची जाळी कुठे कुठे टेकलेली असते देव जाणे. घुं नेमकी कुठून येते हे ओळखायचा उपाय फुकटचा आहे: ती वायर बॉक्सच्या पाठीतून काढा. घुं थांबली तर चोर सापडला. अशा वायरीसाठी (तिला कोॲक्स म्हणतात) ग्राउंड आयसोलेटर मिळतो, पेरूएवढासुद्धा नसतो, तो मध्ये बसवायचा. पण कुणी जाणकाराने "अर्थची पिन काढून टाका" असा सल्ला दिला तर त्याला चहा देऊन वाटेला लावा. घुं जाईल, पण एखाद्या दिवशी रिसीव्हरची पत्र्याची पेटी जिवंत होईल.

दोन पिनांच्या टीव्हीची आणि बॉक्सची एचडीएमआयची धातूची बाजू हाताला किंचित झिणझिणते, टेस्टर लावला तर मिणमिणतो. आतल्या फिल्टरच्या कपॅसिटरमुळे तिथे विजेचा हलकासा दाब तरंगत असतो, बिघाड नाही. पण तेवढ्याने केबल खुपसताना एखादं पोर्ट जाऊ शकतं. म्हणून केबल लावायची-काढायची ती बोर्डावरून सगळं बंद करून. चालू यंत्रात लावली तरी चालते असं पुस्तकात असतं. पुस्तक लिहिणाऱ्याने आपल्या इमारतींचं अर्थिंग पाहिलेलं नाही.

आवाज येतो, पण मागचे स्पीकर गप्प

या तक्रारीचं मूळ दहापैकी आठ वेळा टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये असतं. तिथे डिजिटल आउटपुट "पीसीएम" वर असेल तर एआरसीतून फक्त दोन चॅनेल बाहेर पडतात, सिनेमा कितीही भारी असो. ते "ऑटो", "बिटस्ट्रीम" किंवा "पास-थ्रू" करायचं. रिसीव्हरच्या पडद्यावर डॉल्बीचं नाव उमटलं की जिंकलं. स्टीरिओ उमटत असेल आणि आवाज पाचही स्पीकरांतून येत असेल तर खूश होऊ नका, रिसीव्हर दोन चॅनेलचा रस पाच पेल्यांत ओततोय. आणि बातम्या किंवा साध्या मालिका लावून परीक्षा घेऊ नका. बऱ्याच वाहिन्यांचा आवाज मुळातच स्टीरिओ असतो.

एआरसीची वाट अरुंद आहे, सुमारे १ मेगाबिट प्रतिसेकंद. त्यातून साधं डॉल्बी ५.१ जातं, आणि ओटीटीवर जो ॲटमॉस (डोक्यावरूनही आवाज आल्यासारखा वाटायला लावणारा डॉल्बीचा प्रकार) मिळतो तोही बहुतेक टीव्हींत जातो, कारण तो डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये दाबून भरलेला असतो. ब्लू-रेवरचा ॲटमॉस मात्र ट्रूएचडीत असतो. त्याला ईएआरसी हवं, जे २०१७ च्या एचडीएमआय २.१ बरोबर आलं आणि ३७ मेगाबिटपर्यंत वाहून नेतं. ईएआरसी टीव्ही आणि रिसीव्हर दोघांकडे हवं, एकाकडे असून उपयोग नाही. ऑप्टिकल तर एआरसीहूनही मागची. तिच्यातून डॉल्बी ५.१ च्या पुढे काही जात नाही.

डीटीएसचा, म्हणजे डॉल्बीसारख्याच दुसऱ्या आवाजाच्या पद्धतीचा, एक वेगळाच सापळा आहे. सॅमसंगने २०१८ पासून आपल्या टीव्हींतून डीटीएस काढून टाकलं. एलजीने २०२० मध्ये काढलं आणि २०२३ मध्ये काही मॉडेलांत परत आणलं. अशा टीव्हीला पेनड्राइव्ह लावून डीटीएसचा सिनेमा लावला की चित्र येतं, आवाज येत नाही, आणि माणूस केबली बदलत बसतो. केबल बदलून काही होणार नाही. तो सिनेमा रिसीव्हरला जोडलेल्या प्लेअरवरून लावा.

कुठलं यंत्र कुठे लावायचं

दुकानात विचारलं तर सगळं रिसीव्हरला लावा आणि एक केबल टीव्हीला न्या, असं सांगतात. रिसीव्हर नवा असेल तर हा सल्ला उत्तम. जुना असेल तर तो टीव्हीचा गळा आवळतो. साखळीतली सर्वांत कमकुवत कडी चित्र ठरवते. एचडीएमआय १.४ चा रिसीव्हर मध्ये बसवला तर त्यातून फोरके सेकंदाला ६० फ्रेमने आणि एचडीआरसकट (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणारं चित्र) जाणार नाही. वर एचडीसीपी २.२ हे कॉपी रोखणारं कुलूप त्याला उघडता आलं नाही तर फोरकेवाली स्टिक किंवा प्लेअर चित्र १०८० वर उतरवेल, नाहीतर काळा पडदा दाखवेल.

म्हणून मी आधी रिसीव्हरचं वय विचारतो. जुना असेल तर फोरकेची सगळी यंत्रं टीव्हीला, आणि आवाज एआरसीने परत. एचडीएमआय २.० चा असेल तर स्टिक आणि ब्लू-रे खुशाल रिसीव्हरला. फक्त पीएस फाइव्ह किंवा एक्सबॉक्सवर फोरकेत सेकंदाला १२० फ्रेमचे खेळ खेळायचे असतील तर ते यंत्र टीव्हीला, कारण २.० ची १८ गिगाबिटची वाट त्याला पुरत नाही. २.१ असेल तर कसंही लावा. सेट-टॉप बॉक्सला यातलं काहीच पडलेलं नसतं. तो जिथे जागा असेल तिथे. फक्त त्याचं रिझोल्यूशन ऑटोवर न ठेवता एका आकड्यावर बांधून टाका. नाहीतर चॅनेल बदलताना प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंद पडदा काळा होतो आणि लोक रिसीव्हर सर्व्हिसिंगला टाकून येतात.

एक कागद घ्या. मधोमध टीव्ही आणि रिसीव्हर काढा, प्रत्येक यंत्रापासून चित्राची रेघ निळ्या पेनने, आवाजाची लाल पेनने. जिथे लाल रेघ रिसीव्हरपर्यंत पोचत नाही तिथे तुमचा पुढच्या महिन्यातला बिघाड आहे. विजेची रेघही काढा, काळ्या पेनने. आत्याकडची ती तेवढी राहून गेली होती.

पडदा मध्येच काळा होणं, ठिपके चमकणं

हे बहुधा केबलचं. खात्री करायची तर स्टिक किंवा प्लेअर फोरकेवरून १०८० वर आणा. लुकलुक थांबली म्हणजे केबलला भार झेपत नाही. केबलच्या खोक्यावरचे "२.०", "२.१" हे आकडे बघू नका, एचडीएमआयवाले केबलवर आवृत्तीचा आकडा छापूच देत नाहीत, तेव्हा तो छापणारा नियम मोडतोय. बघायचे ते शब्द: १८ गिगाबिटसाठी प्रीमियम हाय स्पीड, ४८ साठी अल्ट्रा हाय स्पीड, आणि खोक्यावर फोनने तपासता येणारं लेबल. दोन मीटरच्या केबलला सोन्याचा मुलामा आणि दोरीचं वेष्टण यांनी काडीचा फरक पडत नाही.

उलटही घडतं. केबल चांगली, पण टीव्हीचं ते भोक अजून जुन्या पद्धतीवर ठेवलेलं असतं आणि एचडीआर येतच नाही. सोनीत एन्हान्स्ड फॉरमॅट, सॅमसंगमध्ये इनपुट सिग्नल प्लस, एलजीत अल्ट्रा एचडी डीप कलर अशा नावाने ते चालू करावं लागतं, प्रत्येक भोकाचं वेगळं.

साध्या तांब्याच्या केबलीचा भरवसा तीन, फार तर पाच मीटरपर्यंत. त्यापुढे आतून काचेचा धागा असलेली ऑप्टिकल एचडीएमआय घ्यावी. नाशिकच्या एका स्नेह्याने अशी पंधरा मीटरची केबल प्रोजेक्टरसाठी फॉल्स सीलिंगमधून नेली, पीओपी झालं, रंग झाला, आणि मग कळलं की या केबलीला दिशा असते. एका टोकावर सोर्स, दुसऱ्यावर डिस्प्ले असं लिहिलेलं असतं. त्याची उलटी होती. सीलिंग पुन्हा फोडायचं म्हटल्यावर वहिनी काय म्हणाल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. टीव्हीसाठी अशी केबल घेणार असाल तर ती एआरसी चालवते का हेही विकत घेण्याआधी विचारा. काही चालवत नाहीत.

घराचं काम चालू असेल तर वायरमनला आत्ताच सांगून ठेवा. तो सवयीने वीस किंवा पंचवीस मिलिमीटरचा पाइप भिंतीत टाकतो. एचडीएमआयचं नुसतं धातूचं तोंडच चौदा मिलिमीटर रुंद असतं, वरचं प्लास्टिक वेगळं. वळणावर ते अडकतं आणि तिथेच राहतं. चाळीसचा पाइप, गोल वळणं, आत ओढायला एक नायलॉनची दोरी, आणि विजेच्या वायरीचा पाइप वेगळा. केबल भिंतीत लिंपून टाकण्याची चूक करू नका. पाच वर्षांनी ती बदलावी लागणारच.

दोन किरकोळ गोष्टी

ओठ आधी हलतात आणि आवाज नंतर येतो, किंवा उलट. आवाज पुढे पळत असेल तर रिसीव्हरमधला ऑडिओ डिले थोडा थोडा वाढवा. आवाज मागे पडत असेल तर डिले शून्यावर आणून टीव्हीचं आउटपुट पास-थ्रूवर टाका. रिसीव्हरला आवाज थांबवता येतो, वेळेआधी आणता येत नाही.

आवाज वाढवला की रिसीव्हर फट्‌कन बंद होऊन दिवा लुकलुकत असेल तर एचडीएमआयकडे बघूच नका. स्पीकरच्या वायरीचा एखादा सुटा धागा शेजारच्या टर्मिनलला टेकलेला असतो. बोर्डावरून बंद करा, धागे पिळून पुन्हा घट्ट बसवा.

आत्याकडे आता एक अडचण उरली आहे आणि तिला इलाज नाही. तिचा सेट-टॉप बॉक्स सीईसी बोलत नाही. बॉक्सच्या रिमोटने टीव्ही लागतो, पण टीव्ही मागच्या वेळी ज्या इनपुटवर होता तिथेच उघडतो, आणि रात्री काका टीव्हीतल्या ॲपवर भजनं ऐकून झोपलेले असतात. मग सकाळी आत्याला टीव्हीचा रिमोट शोधून इनपुटचं बटण दाबावं लागतं. त्या बटणावर मी लाल टिकली चिकटवून आलो आहे, तिच्याच पाकिटातली.